यंत्राची कादंबरी आणि पेंडशांचे तुंबाड

पनवेल सोडून गोव्याच्या हमरस्त्याला लागले, की पुढे खेडजवळ जगबुडी नदी लागते. श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’ वसविले ते याच नदीकाठी. मुंबईत बेस्टची नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस मूळचा दापोलीजवळच्या मुर्डीचा. चार पिढ्यांची ही दोन खंडांतली कथा १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती!

आता म्हणे, यंत्राला विषय सांगावा, की घटकाभरात प्रकरण तयार! पण हे यंत्र शिकले कशावर? लेखकांच्याच असंख्य पुस्तकांवर, आणि तेही त्यांना न विचारता. (आमचा बिऱ्हाडकरूसुद्धा खुंटी ठोकण्यापूर्वी मालकाला विचारतो.) जॉन ग्रिशॅम आदी अमेरिकन कादंबरीकारांनी २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीवर दावा लावला तो यासाठीच. दिल्ली उच्च न्यायालयातही २०२४ साली एएनआय या वृत्तसंस्थेने तसाच दावा गुदरला. मागाहून भारतीय प्रकाशकही त्यात उतरले.

पैशांचे काय ते न्यायालये पाहतील. आमची तक्रार निराळी आहे. यंत्राला कोकणची बोली मिळते ती छापील पानावरून. जी कधी छापलीच गेली नाही, ती मात्र पनवेलच्या एसटी स्थानकावर, दापोलीच्या गाडीची वाट पाहत कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसूनच ऐकावी लागते.