स्टँपावरची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे

माझे काम पिकाचे. पण बांधावर बसले की घरच्या गोष्टीही निघतात. त्यातलीच ही एक. एका बाईने बारा वर्षे नवऱ्याच्या बरोबरीने कपाशी वेचली, विहिरीचे कर्ज फेडले. नवरा वारला. वारसनोंदीच्या वेळी पहिली बायको पुढे आली. तिच्याशी फारकत झाली होती ती स्टँपपेपरवर, पंचांच्या सह्यांनी. कोर्टाचा कागद नव्हताच. सातबाऱ्यावर विधवा म्हणून पहिलीचे नाव लागले आणि राबणारी बांधाबाहेर राहिली.

असे का झाले? १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. पहिला जोडीदार हयात असून लग्न मोडलेले नसेल, तर दुसरे लग्न मुळातच रद्दबातल ठरते. मग पाट लावा की देवळात हार घाला. शिवाय तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पहिले लग्न लपवले असेल तर दहा वर्षांपर्यंत.

काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे व कायद्याने ती राखली आहे. पण वाद निघाला तर ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी शाबीत करावी लागते.

"दावा चालू आहे" एवढ्यावरही भागत नाही. हुकूमनामा झाल्यावरसुद्धा अपिलाची ९० दिवसांची मुदत संपू द्या. अपील झालेच तर त्याचा निकाल लागू द्या. त्याआधी लग्नाची घाई केली आणि निकाल फिरला, तर नसता घोर मागे लागतो.

मुलांना मात्र कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही. अशा लग्नाची मुले औरसच मानली जातात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शातही त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्य केला. त्या बाईच्या दोन्ही मुलांची नावे सातबाऱ्यावर लागली. तिचे लागले नाही.

तेव्हा माता-पित्यांनो, बियाणे घेताना पिशवीवरचे लेबल वाचता ना? मग घटस्फोटिताशी सोयरीक जुळवताना हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागा. मागण्यात कमीपणा नाही. कागद समजला नाही, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. बायकांना तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. अक्षता टाकण्याआधी एक फेरी तिथे मारा.