मॉरिशस बेटावरील मराठी मंडळी

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. या बेटास मूळ रहिवासीच नाहीत, ही त्याच्या इतिहासातील सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय. डचांनी १६३८ मध्ये वसविलेली वस्ती १७१० मध्ये मोडली. १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि त्यांच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून व मादागास्करमधून गुलाम आणले गेले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. तेव्हा तेथे कोणीही कोणास उपरा म्हणू शकत नाही. खडोलीच्या परिसरात, जेथे वारली, गुजराती व मराठी शेजारी नांदतात, तेथील वाचकास या बेटाचे कोडे चटकन उमगावे.

गुलामगिरी १८३५ मध्ये संपली. पण उसाला माणसे हवीच होती. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. पगार महिना पाच रुपयांच्या आसपास. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या आजही दाखवितात. ‘आप्रवासी घाट’ या नावाने त्या स्थळास २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास बंदरांतून आले. मुंबई बंदरातून आलेले त्या मानाने थोडे. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतील मराठे व इतर कष्टकरी होते. कारकुनाने नोंदवहीत जे नाव लिहिले तेच पुष्कळदा पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. मूळ गावाचा धागा मात्र त्यात हरवला.

मग या मंडळींनी काय जपले? मुख्यतः गणपती. तेथील गणेशपूजेची परंपरा १८९६ पासूनची सांगितली जाते. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाचा पुरस्कार केला त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांनी परदेशी मळ्यावर मूर्ती बसावी, हे नवल नव्हे काय? आज गणेश चतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते, जशी ती नाताळ, ईद, चिनी नववर्ष व तमिळांच्या थैपूसम कावडीस असते. मोदक होतात, समुद्रात विसर्जन होते, आणि ‘झाकरी’ नाचली जाते. ही झाकरी म्हणजे कोकणातील जाखडीच! कोकणच्या चाकरमान्यास ती पाहून ओळख पटविण्याचे कारण पडणार नाही.

भाषेची गोष्ट तितकी सुखाची नाही. घरात क्रिओल बोलली जाते, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच. मराठी ही आता बहुतेक घरांत आजीबरोबर गेलेली भाषा आहे. तिला मागे आणण्याचे काम शाळा करते: प्राथमिक शाळेत मूल पूर्वजांची भाषा निवडू शकते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्था, जी १९७० मध्ये स्थापन झाली, तेथे पुढील शिक्षणाची सोय आहे. म्हणजे नातू शाळेतून अ, आ, इ शिकून येतो व आईला क्रिओलमध्ये त्याचा अर्थ सांगतो.