नको तेव्हा वादळ

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं किंवा अ‍ॅम्बॅसेडरचं बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या मागे एक पंखा दिसतो. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. ना वायर, ना स्विच. इंजिन चालू आहे तोवर पंखा फिरणार. इंजिन जोरात, तर पंखाही जोरात. मांडणी इतकी सरळ की तिच्यात काही खोट असेल असं वाटतच नाही.

आता गाडी हायवेवर ताशी शंभरने पळतेय असं समजा. समोरून सेकंदाला जवळजवळ 28 मीटर वेगाने वारा येतोय. जाळीतून आत शिरेपर्यंत त्याचा जोर बराच कमी होतो, तरी रेडिएटरला तो पुरून उरतो. पंखा काढून ठेवला तरी चालेल अशी स्थिती, आणि नेमका तेव्हाच पंखा जीव तोडून गरगरत असतो. उलट मे महिन्यातल्या दुपारी सिग्नलला गाडी उभी आहे, वारा शून्य, बॉनेटखाली भट्टी पेटलेली. पण इंजिन मिनिटाला जेमतेम 800 फेऱ्या घेतंय, म्हणून पंखाही रेंगाळलेला. पंगतीत पोट भरल्यावर लाडवांचं ताट घेऊन मागे लागणारा आणि भुकेच्या वेळी मांडवाबाहेर गप्पा मारत बसणारा वाढपी असतो ना, तसला हा पंखा.

खरी गंमत पुढेच आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण तो फिरवायला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, आठपट होते. वेग तिप्पट, तर शक्ती 27 पट. इंजिन 800 फेऱ्यांवरून 4800 वर गेलं, म्हणजे वेग सहापट झाला, की शक्ती 216 पट! समजा, सिग्नलला उभं असताना हा पंखा फक्त 20 वॅट खातोय, म्हणजे घरातल्या छताच्या पंख्याहूनही कमी. तोच 4800 फेऱ्यांवर 4300 वॅटच्या घरात जाईल, म्हणजे पावणेसहा हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात समोरचा वारा पंख्याचं ओझं थोडं हलकं करतो, त्यामुळे हा आकडा शब्दशः धरू नये. तरीही पद्मिनीचं अख्खं इंजिन चाळीसेक हॉर्सपॉवरचं होतं हे आठवलं, की कुणाच्या पानातलं कोण खात होतं ते कळतं.

यावरचा एक उपाय मला विजेच्या पंख्याहूनही सुंदर वाटतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत पट्ट्याची पुली आणि पंखा यांच्यामध्ये एक चपटी डबी असते, व्हिस्कस कपलिंग. आत घट्ट सिलिकॉन तेल असतं. डबीच्या तोंडावर दोन धातूंच्या पट्टीची एक छोटी गुंडाळी दिसते, जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगसारखीच. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, गुंडाळी किंचित पिळली जाते आणि आतली झडप उघडते. तेल दोन चकत्यांमधल्या बारीक खाचांत शिरतं, एक चकती दुसरीला ओढायला लागते आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की तेल परत मागे जातं आणि पंखा ढिला पडतो. वीज नाही, संगणक नाही. उष्णता स्वतःच झडप उघडते आणि बंद करते.

विजेचा पंखा मोटारीत रुळला, त्याला कार्यक्षमतेइतकीच जागेची अडचणही कारण होती. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवतात. मग पट्ट्याची पुली येते बाजूला आणि रेडिएटर राहतो समोर. पट्ट्याने पंखा फिरवायचा तरी कसा? 1983 साली मारुती 800 आली ती असं आडवं इंजिन आणि विजेचा पंखा घेऊनच. तिच्या पंख्याचं नातं इंजिनच्या फेऱ्यांशी नाही, पाण्याच्या तापमानाशी. ट्रॅफिकमध्ये तो अचानक घूंऽऽ करून चालू होतो, तेव्हा हेडलाइट क्षणभर मंदावतात आणि इंजिनचा आवाज किंचित बसतो. वीजसुद्धा शेवटी इंजिनकडूनच यायची, त्याचा हा पुरावा.

पण हिशेब परवडतो. असा पंखा पंचवीसेक अँपिअर घेतो, म्हणजे साधारण 300 वॅट. ऑल्टरनेटरमधली गळती धरली तरी इंजिनवर पाऊण हॉर्सपॉवरच्या आसपास भार, तोही गरज असेल तेवढाच वेळ. म्हणूनच जुन्या गाड्या हौसेने जागवणारे लोक पट्ट्याचा पंखा उतरवून विजेचा बसवतात. थेट पट्ट्यावरचा पंखा असेल, तर फरक पायाखाली जाणवतो. व्हिस्कस कपलिंग धड असलेल्या गाडीत मात्र फार आशा धरू नये. त्या तेलाने बहुतेक बचत आधीच केलेली असते.

मग ट्रक अजून पट्ट्यालाच का धरून आहेत? मोठ्या डिझेल ट्रकचा पंखा पूर्ण जोरात असताना 30 किलोवॅटदेखील खाऊ शकतो. तेवढी शक्ती 24 व्होल्टवर द्यायची तर 1250 अँपिअर लागतील. असली तार मनगटाएवढी जाड करावी लागेल! तेव्हा तिथे पट्टा आणि क्लच हीच जोडी बरी.

बदल करायचाच, तर पंख्याभोवतीचं आवरण काढून फेकू नका; ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून बाजूचीच ओढत बसतो. रिले आणि फ्यूज हवेतच, कारण चालू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. ऑल्टरनेटरचा दम आधी बघा. आणि मोटरच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो. उभ्या गाडीत तो थोडंफार भागवतो, वेग वाढला की समोरच्या वाऱ्याशीच झुंजत राहतो. तपासायला फार काही लागत नाही: पंखा चालू करून समोरच्या जाळीवर कागद धरायचा. तो जाळीला चिकटला तर ठीक, उडाला तर वायरी बदला.