पुणे मराठाज, हंगाम पहिला

‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. पहिला हंगाम २०१२चा, विजेता संघ पुणे मराठाज. अंतिम सामन्यात त्यांनी दिल्ली डिफेंडर्सना ६-० असं नमवलं. अमेरिकेत एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून चाळीसेक गुण सहज होतात. इथे अवघे सहा! नवख्यांच्या लीगमध्ये हे व्हायचंच. अंगावर जाऊन अडवणं लवकर जमतं, धावत्या गड्याच्या हातात लांबचा पास टाकायला मात्र वर्षं जातात.

गंमत अशी, की लीग भारताची आणि सामने झाले कोलंबोत. पाठीराख्यांत कर्ट वॉर्नर, माइक डिटका ही अमेरिकेतल्या या खेळातली बडी नावं होती. शिवाय वडिलांकडून भारतीय वंशाचा खेळाडू ब्रँडन चिलार.

कबड्डीवाल्यांसाठी या खेळाचे नियम थोडक्यात: प्रत्येक बाजूला ११ गडी. चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर, पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. पकड करणाऱ्याला यातलं निम्मं आधीच येतं; हेल्मेट आणि खांद्यावरचे पॅड तेवढे नवे.