न हटणारी लाल रेघ

चूक दुरुस्त केली, फाइल सेव्ह केली, तरी कोड एडिटरमधली लाल नागमोडी रेघ जागची हलत नाही. वेगासाठी एडिटर बरीच माहिती कॅशेत साठवून ठेवतो. ती शिळी झाली की असे होते. मग सुरू होतात ऐकीव उपाय.

गैरसमज : लाल रेघ आहे, म्हणजे कोड चुकलाच.
वस्तुस्थिती : व्हीएस कोडमध्ये टाइपस्क्रिप्टच्या चुका 'टीएस सर्व्हर' नावाची वेगळी प्रक्रिया शोधते. उघड्या फायलींचा मजकूर तिला एडिटर पुरवतो. बाकीच्या फायली तिने आधीच वाचून ठेवलेल्या असतात. गिटची ब्रांच बदलली की शेकडो फायली एका दमात बदलू शकतात. त्यातल्या एकीची वर्दी चुकली, तरी सर्व्हर जुन्याच मजकुरावर निकाल देत राहतो. शहानिशा सोपी आहे : टर्मिनलमध्ये टाइपस्क्रिप्टचा कंपायलर 'टीएससी' चालवावा. आवृत्ती आणि सेटिंग्ज त्याच असताना तिथे तक्रार नसेल, तर संशय कॅशेवर.

गैरसमज : एडिटर काढून पुन्हा टाकला की पाटी कोरी.
वस्तुस्थिती : व्हीएस कोड नेहमीच्या पद्धतीने काढला तरी सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स आणि प्रत्येक प्रकल्पाची साठवलेली स्थिती वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये राहते. नव्याने टाकलेला एडिटर तीच उचलतो. त्यापेक्षा कमांड पॅलेटमधून 'रीस्टार्ट टीएस सर्व्हर' द्यावे. तेवढ्याने भागले नाही, तर 'रीलोड विंडो'.

गैरसमज : कॅशे पुसण्यात तोटा कसला?
वस्तुस्थिती : इंटेलिजे आयडिया या दुसऱ्या एडिटरच्या 'इनव्हॅलिडेट कॅशेस' खिडकीत फाइल सिस्टिमच्या कॅशेबरोबर 'लोकल हिस्टरी' पुसण्याचाही पर्याय असतो. कमिट न केलेले जुने बदल परत मिळतात ते याच हिस्टरीतून. घाईत तिथे टिचकी मारली, तर कॅशेबरोबर तेही जातात.

गैरसमज : एकदा पुसली की दुखणे संपले.
वस्तुस्थिती : वर्दी का चुकली, ते शोधले नाही तर कॅशे पुन्हा शिळी होते. लिनक्सवर फायलींतले बदल 'आयनोटिफाय' ही यंत्रणा कळवते आणि ती किती फोल्डरांवर नजर ठेवू शकते, याला मर्यादा असते. कर्नल 5.11 च्या आधी ती प्रत्येक वापरकर्त्यामागे सहसा 8,192 असे. फोल्डरांची संख्या तिच्यापुढे गेली की उरलेल्यांतले बदल एडिटरला कळतच नाहीत. व्हीएस कोडची कागदपत्रे ही मर्यादा 5,24,288 पर्यंत वाढवण्याचा मार्ग देतात. बिल्डमधून तयार होणारी फोल्डरे नजरेतून वगळण्यासाठी 'वॉचर एक्सक्लूड' ही सेटिंगही आहे. बदल केल्यावर तीच ब्रांच पुन्हा आलटून-पालटून पाहावी. रेघ परतली नाही, तर कारण सापडले असण्याची शक्यता मोठी.