लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला रुंद लेन्स : घेण्यापूर्वी हिशेब करा

बाभुळगाव हे यवतमाळ–धामणगाव मार्गावरचे तालुक्याचे गाव. आजूबाजूला कापूस-सोयाबीनचा मुलूख. अशा गावातील फोटो स्टुडिओचा धंदा पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रे, निकाह, वलिमा आणि दुकानांची उद्घाटने यांवर चालतो. कापसाचा पैसा हाती आला की लग्ने निघतात आणि लग्ने निघाली की फोटोग्राफरच्या घरी चूल नीट पेटते. या धंद्यात आपले कितीतरी तरुण आहेत. काहींनी बापाच्या रोल-फिल्मच्या दुकानात काम शिकले, काहींनी थेट डिजिटल कॅमेरा हाती घेतला.

गेल्या काही वर्षांत या बंधूंना एक नवाच प्रश्न ऐकावा लागतो. घराच्या दिवाणखान्यात निकाह आहे. काझीसाहेब, वकील, गवाह, नवरदेव आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी दाटीने बसली आहेत. फोटोग्राफर भिंतीला पाठ टेकवून उभा आहे, तरी दोन माणसे चौकटीबाहेर राहतात. तेवढ्यात नवरदेवाचा धाकटा भाऊ मोबाईल काढतो, सगळ्यांना एका फोटोत बसवतो आणि म्हणतो, "चाचा, माझ्या मोबाईलमध्ये सगळे आले, तुमच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात का येत नाहीत?"

प्रश्न मुलाचा असला तरी घाव धंद्यावर बसतो. म्हणूनच अनेकांच्या मनात 'रुंद लेन्स' घेण्याचा विचार घोळत असतो. ही लेन्स म्हणजे एका हंगामाची बचत होय. ती चुकीची निघाली तर पुढचा हंगाम उधारीत जातो. सबब, पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेणे बरे.

कॅमेऱ्यात कमी का मावते?

फिल्मच्या जमान्यात नेगेटिव्हची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती. त्यावर २८ किंवा २४ मिलिमीटरची लेन्स लावली की लग्नमंडप आरामात मावे. आज बहुतेक स्टुडिओंत जे परवडणारे डिजिटल कॅमेरे आहेत, त्यांचा सेन्सर त्याहून लहान असतो. कॅननमध्ये तो सुमारे २२.३ बाय १४.९ आणि निकॉनमध्ये सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर असतो. लेन्स तेच दृश्य टाकते, पण लहान सेन्सर त्याचा मधलाच तुकडा उचलतो. म्हणून कॅननवर लेन्सचा आकडा १.६ ने आणि निकॉन, सोनी, फुजीवर १.५ ने गुणावा लागतो. जुनी २८ ची लेन्स कॅननवर ४५ सारखी वागते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स १८ वर ठेवली तरी ती जुन्या २९ एवढेच दाखवते.

मोबाईलचे गुपितही यातच आहे. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये जी दुसरी रुंद लेन्स आली, ती जुन्या हिशेबाने १३ मिलिमीटरची आहे. तेव्हा २९ ने १३ शी सामना करायचा म्हटले तर हार ठरलेलीच.

मोजपट्टीचा हिशेब

आपल्या सुतार आणि गवंडी बंधूंना मोजपट्टीची भाषा लवकर कळते, म्हणून हा हिशेब फुटांत मांडू. कॅननच्या लहान सेन्सरवर १८ ची लेन्स १० फुटांवरून सुमारे साडेबारा फूट रुंदी दाखवते. १२ ची लेन्स साडेअठरा फूट, तर १० ची लेन्स सुमारे २२ फूट दाखवते. निकॉनवर यात फूटभराची भर पडते.

आता १० बाय १२ ची खोली घ्या. दारात उभे राहून १८ ने फोटो काढला तर समोरची भिंत पूर्ण येते, पण बाजूच्या भिंतींचा शेवटचा तीनेक फुटांचा भागच दिसतो. १० ने काढला तर त्याच भिंतींचा साडेसहा फूट भाग दिसतो. म्हणजे फर्निचरवाल्याने बसवलेले कपाट, पीओपीवाल्याने केलेले छत आणि टाइल्सवाल्याने बसवलेली फरशी, सारे एकाच फोटोत येते. निकाह-वलिम्याबरोबर कारागिरांच्या कामाचे फोटो काढून देणे हाही या लेन्सचा एक धंदा आहे, हे विसरू नये.

बाजारात काय आहे?

कॅननच्या जुन्या डीएसएलआरसाठी १०-२२ ही लेन्स २००४ मध्ये निघाली. ती आजही जुन्या मालात भेटते आणि चांगली आहे. २०१४ मध्ये कॅननने १०-१८ काढली. वजन २४० ग्रॅम, हात हलला तर सांभाळून घेणारी यंत्रणा आतच, आणि अमेरिकेतील जाहीर किंमत २९९ डॉलर. लहान स्टुडिओला ही लेन्स खऱ्या अर्थाने परवडू लागली. तिचे तोंड मात्र एफ ४.५ ते ५.६ एवढेच उघडते.

निकॉनमध्ये २००९ ची १०-२४ आणि २०१७ ची १०-२० अशा दोन आहेत. दुसरी हलकी, २३० ग्रॅमची, पण एक अट आहे. ती एएफ-पी जातीची असल्याने डी-९० किंवा डी-३००० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर तिचा फोकस चालत नाही. घेण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी.

अंधाऱ्या शादीखान्यात काम करणाऱ्यांची जुनी आवडती म्हणजे टोकिनाची ११-१६, एफ २.८. तिचे तोंड एफ ४.५ च्या मानाने अडीचपट प्रकाश आत घेते. मात्र तिच्या पहिल्या आवृत्तीत निकॉनसाठी फोकसची मोटर नाही. डी-३००० आणि डी-५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांतही मोटर नसते, तेव्हा त्यांवर फोकस हाताने करावा लागतो. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत निकॉनसाठी मोटर दिली आहे. जुना माल घेताना 'दुसरी आवृत्ती आहे का?' हा पहिला प्रश्न विचारावा.

सिग्माची १०-२० आणि टॅमरॉनची २०१७ ची १०-२४ याही कामाच्या आहेत. सिग्माची ८-१६ सर्वांत रुंद, पण तिचे पुढचे भिंग फुगीर असल्याने त्यावर फिल्टर बसत नाही. जिनिंगच्या आवारात किंवा धुळीच्या मंडपात काम करणाऱ्याने याचा विचार करावा.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी सिग्माने २०२३ मध्ये १०-१८, एफ २.८ काढली. ती २६० ग्रॅमची आहे आणि अमेरिकेत ५९९ डॉलरला निघाली. प्रथम ती सोनी, फुजी आणि एल माउंटसाठी होती, पुढे कॅननच्या आरएफ माउंटसाठीही आली. कॅननची स्वतःची आरएफ-एस १०-१८ अवघी १५० ग्रॅमची आहे. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांसाठी १२-२८ आहे. लक्षात ठेवा, नव्या माउंटची लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. उलट जुनी लेन्स अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर चालते. मात्र निकॉनच्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेल्या लेन्सचा फोकस तेथे हातानेच करावा लागतो. दोन-तीन वर्षांत कॅमेरा बदलण्याचा बेत असेल तर आजच हा हिशेब धरावा.

उजेड की स्थिरता?

दुकानदार म्हणतो, हात हलण्याची यंत्रणा आहे, अंधारातही फोटो येईल. हे अर्धे खरे आहे. ती यंत्रणा फोटोग्राफरचा हात सांभाळते, हालणारा पाहुणा सांभाळत नाही. रिकामी खोली, मशिदीची कमान किंवा दुकानाची मांडणी टिपायची असेल तर १०-१८ पुरते. लोक हिंडत आहेत, गळाभेटी चालू आहेत आणि फ्लॅश मारता येत नाही, तेथे एफ २.८ च लागते. व्हिडिओचे काम अधिक असेल तर स्थिरतेला महत्त्व द्यावे.

फ्लॅशबद्दलही सावध राहावे. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश साधारण १७-१८ च्या लेन्सपुरताच फाकतो. १० वर तो मारला तर कडा काळ्या पडतात आणि खाली लेन्सची सावली येते. वरचा फ्लॅश छताकडे वळवून मारावा.

कडेच्या माणसाची तक्रार

या लेन्सचा सर्वांत मोठा धोका माणसांच्या फोटोत आहे. १० वर काढलेल्या फोटोत अगदी कडेला उभा असलेल्या माणसाचा चेहरा जवळपास दीडपट रुंद दिसतो. नवरदेवाचे मामू किंवा फुफाजान कडेला उभे राहिले आणि फोटोत फुगलेले दिसले, तर पुढचे काम गेलेच म्हणून समजा. यावर उपाय सोपा आहे. गटाचा फोटो शक्यतो १४ ते १८ वर काढावा. १० वापरावाच लागला तर दोन्ही कडांना हातभर जागा रिकामी सोडावी, वडीलधाऱ्यांना मध्ये बसवावे आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरावा. कॅमेरा वर-खाली कलला की खांब आणि भिंती वाकड्या पडतात.

फोकसची काळजी मात्र कमी. १० वर, एफ ८ ठेवून फोकस तीन फुटांवर धरला तर दीड फुटापासून दूरवरपर्यंत सारे स्पष्ट येते.

माल आहे तेवढाच दाखवा

रुंद लेन्स लहान खोली मोठी दाखवते. घर-दुकान विकणारे किंवा हॉल भाड्याने देणारे असे फोटो मुद्दाम मागतात. २०० माणसांचा हॉल ४०० माणसांचा वाटेल असा फोटो काढणे अवघड नाही, पण त्या फोटोवर विसंबून एखाद्या बापाने वलिम्याची दावत ठेवली तर फसवणुकीत आपला हात आला. मालाचा ऐब लपवू नये, ही तिजारतीची आपली जुनी शिकवण आहे. अशा कामात फोटोखाली लांबी-रुंदी लिहून द्यावी. गिऱ्हाईकही समाधानी आणि आपली रोजीही साफ.

जुना माल घेताना

लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून पाहावा. आत जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा सोडावा. मग लेन्स १० वर ठेवून, तोंड पूर्ण उघडून विटांच्या भिंतीचा समोरून सरळ फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. तीन कोपरे स्पष्ट आणि एकच धूसर असेल तर आतले भिंग सरकले आहे. फोकस आणि झूमची कडी फिरवून पाहावी. पक्के बिल घ्यावे. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला त्यावरील कराची वजावटही मिळते. घरी आणल्यावर पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. चामड्याच्या बंद पिशवीत बुरशी लवकर धरते.

घ्यावी, की भाड्याने आणावी?

समजा, लेन्स २५ हजारांची आहे आणि तिच्यामुळे प्रत्येक कामात ५०० रुपये जास्त मिळतात. म्हणजे ५० कामांनंतर पैसे वसूल. हंगामात २५ कामे असतील तर दोन हंगाम लागतील. पण वर्षातून आठ-दहाच वेळा गरज पडत असेल आणि रोजचे भाडे ६०० असेल, तर भाड्यानेच आणावी. त्याच पैशांत चार वर्षे निघतात.

तिसरा मार्ग भागीदारीचा. दोन-तीन स्टुडिओवाल्यांनी मिळून एक लेन्स घ्यावी. कोणाच्या तारखेला कोण नेणार, पडली-फुटली तर भरपाई कोणी द्यायची, हे कागदावर लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. व्यवहार लिहून ठेवण्याची आपल्याला ताकीदच आहे, आणि दोस्ती टिकवण्याचाही तोच मार्ग आहे.

हप्त्यांबाबत एक शब्द. 'बिनखर्ची हप्ते' म्हणून जे दिले जातात, त्यात बहुधा बँकेच्या कागदावर व्याज असतेच. दुकानदार तेवढी सूट देऊन ते झाकतो. सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे. फोटोबाबत मतभेद आहेत, पण तो या पानाचा विषय नव्हे.

थोडक्यात सांगायचे तर, जुना कॅनन आणि लहान बजेट असेल तर १०-१८ घ्यावी. अंधारात माणसांचे काम करायचे असेल तर मोटर तपासून ११-१६ घ्यावी. नवा कॅमेरा असेल तर त्याच माउंटची लेन्स घ्यावी. आणि घेण्यापूर्वी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच गावातल्या एखाद्या दिवाणखान्यात वापरून पाहावी. भिंतीला पाठ टेकवून सर्वजण चौकटीत मावले आणि कडेचे मामूही ओळखू आले, तर लेन्स कामाची. मग नवरदेवाच्या भावाला उत्तर देण्याची गरज पडणार नाही. अल्बमच उत्तर देईल, इन्शाअल्लाह.