फुकटचे दार आणि गहाळ झालेली पहिली पाने

दहा खंडांच्या एखाद्या कादंबरीचे पहिले तीन खंड प्रकाशकाने बाजारातून काढून घेतले, घेतलेल्या वाचकांच्या कपाटातूनही उचलून नेले आणि नव्या वाचकाला सांगितले की, चौथ्या खंडापासून सुरुवात करा, तर काय होईल? पुस्तकांच्या दुनियेत हे अशक्य वाटते. ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या दुनियेत मात्र ते घडून गेले आहे. ‘डेस्टिनी २’ हे त्याचे ठळक उदाहरण.

अमेरिकेतील ‘बंजी’ या कंपनीने तयार केलेला हा खेळ सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आला. त्या वेळी तो साठ डॉलर मोजून विकत घ्यावा लागत असे. परग्रहावरील फौजा मानवजातीच्या अखेरच्या शहरावर चाल करून येतात, रक्षकांचे बळ हिरावून घेतले जाते आणि मग शहर परत मिळविण्याची लढाई सुरू होते, ही त्याची ‘रेड वॉर’ नावाची मूळ कथा. पात्रे, ग्रह, शत्रू यांची ओळख खेळाडूला या कथेतूनच होत असे.

पूर्वी गेमची तबकडी विकली की कंपनीचा व्यवहार संपत असे. ‘डेस्टिनी’सारख्या खेळांचे तसे नाही. त्यांचे सर्व्हर अहोरात्र चालू ठेवावे लागतात, दर काही आठवड्यांनी नवे काहीतरी द्यावे लागते आणि त्यासाठी शेकडो माणसांचा पगार दरमहा निघावा लागतो. हा खर्च एकदाच मिळालेल्या किमतीतून भागणे कठीण. म्हणून वर्षाकाठी एक मोठी पुरवणी, दर हंगामाचा वेगळा परवाना आणि पोशाख-अलंकारांचे दुकान असे उत्पन्नाचे तीन-चार झरे उघडले जातात. हे सारे विकायचे तर गिऱ्हाईक सतत येत राहिले पाहिजे. त्यासाठी दार फुकट उघडे ठेवणे हा सोपा उपाय. ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ या वितरक कंपनीपासून २०१९ च्या आरंभी वेगळे झाल्यावर ‘बंजी’ने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला हेच केले. मूळ खेळ मोफत झाला.

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे म्हणतात. येथे ते पुरते खरे ठरले नाही. नव्या खेळाडूला थोडीशी तोंडओळख करून देऊन थेट गजबजलेल्या मनोऱ्यात सोडले जाई. चहूकडे चिन्हे, अनेक प्रकारची चलने, ज्यांचे संदर्भ ठाऊक नाहीत अशी पात्रे. ‘रेड वॉर’ची कथा तेव्हा मोफत उपलब्ध होती, पण ती सुरू करण्यासाठी मनोऱ्याच्या विमानशाळेतील एका पात्राला गाठावे लागते, हे अनेकांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नसे.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बियाँड लाइट’ ही पुरवणी आली आणि तेवढाही मार्ग बंद झाला. खेळाचा आकार शंभर जीबीच्या पुढे गेला असून त्याची देखभाल अवघड झाली आहे, असे कारण देऊन कंपनीने ‘रेड वॉर’, तिच्या पाठोपाठ आलेल्या दोन पुरवण्यांच्या कथा आणि मंगळ, बुध, आयो, टायटन ही स्थळे खेळातून काढून तिजोरीत ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फोरसेकन’ची कथाही गेली. लोकांनी ती पैसे देऊन घेतली होती. तांत्रिक अडचण खरी असेलही. परंतु जुने काढून नवे विकणे हे दुकानदारालाही सोयीचेच होते, हे नजरेआड करता येत नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये यापुढे मोठ्या पुरवण्या काढणार नाही, असे कंपनीने जाहीर केले. गेलेल्या कथा मात्र पूर्णपणे परत आल्या नाहीत.

या तिजोरीचा एक विचित्र परिणाम न्यायालयात दिसला. ‘रेड वॉर’ची कथा आपल्या लेखनावरून उचलल्याचा दावा एका लेखकाने २०२४ मध्ये लुइझियानातील संघीय न्यायालयात केला. ती कथा आता चालवून दाखविता येत नसल्याने ‘बंजी’ने यू-ट्यूबवरील चित्रफिती आणि चाहत्यांनी लिहिलेली पाने पुढे केली. न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती विचारात घेण्यास नकार दिला आणि खटला फेटाळण्याची कंपनीची विनंतीही नाकारली.

दुकानाची बाजूही पाहण्याजोगी आहे. खेळातील ‘एव्हरव्हर्स’ या दुकानात डॉलर चालत नाहीत, ‘सिल्व्हर’ चालते. खऱ्या पैशांचे आधी खेळातील नाण्यांत रूपांतर झाले की खर्चाची टोचणी कमी होते, आणि हातात उरलेली चिल्लर पुन्हा खरेदीला बोलावते. डिसेंबर २०२३ मध्ये नवख्यांसाठी सुमारे पंधरा डॉलरचा ‘स्टार्टर पॅक’ आला. काही शस्त्रे आणि थोडे साहित्य, एवढाच त्यातला ऐवज. खेळाडूंनी त्यावर अशी झोड उठविली की तो मागे घ्यावा लागला.

अर्थात, हा दोष एकट्या कंपनीचा नाही. ‘फोर्टनाइट’मधील बटणांच्या फसव्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी होते, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘एपिक गेम्स’ने ग्राहकांना २४ कोटी ५० लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. पालकांच्या परवानगीवाचून मुलांकडून होणाऱ्या खरेदीचा मुद्दाही त्यात होता.

याउलट जपानच्या ‘फायनल फँटसी १४’ची रीत वेगळी आहे. हा खेळ मासिक वर्गणीवर चालतो. त्याच्या मोफत चाचणीला मुदत नाही आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीत मूळ खेळासह पहिल्या दोन पुरवण्याही मिळतात. सुरुवातीची कथा लांबलचक असल्याची ओरड तेथेही होती. २०२० मध्ये तिच्यातील रेंगाळणारे प्रसंग कापण्यात आले. कथा तेवढी जागेवर राहिली. नवा माणूस पहिल्या पानापासून वाचू लागतो आणि गोडी लागली की वर्गणी भरतो.

‘सोनी’ने २०२२ मध्ये ‘बंजी’ ३६० कोटी डॉलरना विकत घेतली. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे शंभर आणि जुलै २०२४ मध्ये २२० जणांच्या नोकऱ्या गेल्या. ‘डेस्टिनी २’ची विक्री आणि खेळाडूंचा सहभाग खरेदीच्या वेळच्या अपेक्षेइतका राहिला नाही, असे सांगत ‘सोनी’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे ३,१५० कोटी येनचा तोटा आपल्या हिशेबात दाखविला.